मुळांची हाक

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गडहिंग्लज तालुक्यात, नेसरी नावाचे गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचले असेल. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आपल्या सहा सोबत्यांसह याच नेसरीच्या खिंडीत शत्रूवर तुटून पडले आणि धारातीर्थी कोसळले. हे गाव माझे आजोळ. परंतु आज मी जी हकीकत सांगणार आहे, ती तलवारींची नाही. ती आहे माझ्या आजोबांच्या एका ज्वारीच्या शेताची, आणि जमिनीच्या पोटात उठणाऱ्या, पण आपल्यापैकी कोणालाही ऐकू न येणाऱ्या एका हाकेची.

गौरी-गणपतीच्या सुटीत मी आजोळी गेले होते. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. गौरीसाठी तेरडा आणावा, म्हणून मी सकाळीच परडी घेऊन रानाकडे निघाले. वाटेवरच्या शेतांत भुईमूग दाट पसरला होता. बांधावरचे गवत दवाने भिजले होते. आबांचे ओढ्याकाठचे शेत आले आणि मी एकदम थांबले. ज्वारीच्या ताटांच्या बुडाशी वीतभर उंचीची नाजूक रोपे उभी होती आणि त्यांवर इवली इवली पांढरी फुले उमलली होती. जणू कोणी हिरव्या शालूवर मोगऱ्याच्या कळ्या उधळल्या होत्या! तेरड्याचा मला विसर पडला. मी ती फुले खुडून परडी भरली आणि आनंदाने घरी आले.

आबा ओसरीवर बसले होते. परडी पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"ही फुले कोठून आणलीस, बाळ?"

"आपल्याच रानातून, आबा. किती सुंदर आहेत, नाही का? गौरीला वाहू या."

"सुंदर आहेत खरी," आबा सावकाश म्हणाले, "पण हा टारफुला आहे. माझ्या ज्वारीचा जीवनरस पिऊन ही फुले फुलली आहेत. ती गौरीला कशी वाहावीत?"

असे म्हणून त्यांनी परडी उचलली आणि सारी फुले पेटत्या चुलीत टाकली. मी हिरमुसले झाले. ते पाहून त्यांनी मला जवळ बसवून सारी हकीकत सांगितली. चार वर्षांपूर्वी त्या शेतात टारफुल्याची पाच-दहा रोपे दिसली होती. आबांनी ती उपटून बांधावर टाकली. दुसऱ्या वर्षी ती शेकड्यांनी उगवली. आता सारे शेतच त्यांनी व्यापले होते. ज्वारीची ताटे खुजी राहत, पाने पिवळी पडत आणि जमिनीत भरपूर ओल असतानाही, जणू दुष्काळ पडला आहे अशी, भर दुपारी कोमेजून जात. कणसे भरत नसत. ज्या शेतातील ज्वारीवर घरातील सर्वांची वर्षभराची भाकरी चाले, त्या शेतातून आता चार महिन्यांची भाकरीही निघत नव्हती. कोणी म्हणे, जमीन थकली. कोणी म्हणे, शेताला दृष्ट लागली.

"या रानात आता ज्वारी नकोच, आबा," मामा म्हणाले. "पुढच्या वर्षी आपण तेथे ऊस लावू."

आबा काहीच बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी माझी मामेबहीण सणासाठी कोल्हापूरहून आली. ताई कृषी महाविद्यालयात शिकत होती. टारफुल्याचे नाव ऐकताच ती म्हणाली, "आबा, उद्या सकाळी आपण शेतात जाऊ. दृष्ट कोणाची लागली आहे, ते मी तुम्हांला दाखवते."

दुसऱ्या दिवशी आम्ही सारे कुदळ घेऊन शेतात गेलो. ताईने टारफुल्याचे एक रोप निवडले. पण ते उपटले नाही. शेजारच्या ज्वारीच्या ताटासकट तिने मातीचा मोठा गड्डा खणून काढला. तो आम्ही ओढ्यावर नेला आणि वाहत्या पाण्यात हलक्या हाताने धुतला. माती विरघळून गेली, मुळे उघडी पडली आणि आम्ही चकित होऊन पाहत राहिलो. टारफुल्याचे मूळ ज्वारीच्या मुळाला जाऊन चिकटले होते. जेथे ते चिकटले होते, तेथे एक बारीक गाठ दिसत होती.

"ही गाठ म्हणजे टारफुल्याचे तोंड," ताई म्हणाली. "याला शोषकमूळ म्हणतात. ते ज्वारीच्या मुळात शिरते आणि तिने जमिनीतून घेतलेले पाणी, क्षार आणि तयार केलेले अन्न ओढून घेते. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ तुम्ही पाहिले आहे ना? हे त्याच्यासारखेच, पण बांडगूळ डोळ्यांसमोर चोरी करते आणि टारफुला जमिनीच्या आत. वर येऊन फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे तो अंधारात वाढत असतो. आपल्याला तो दिसतो, तेव्हा चोरी बरीचशी होऊन गेलेली असते."

"पण त्याची पाने तर हिरवी आहेत," मी म्हणाले. "हिरव्या पानांत अन्न तयार होते, असे आम्ही शिकलो आहोत."

"ठीक बोललीस. तो थोडेफार अन्न स्वतः तयार करतो. परंतु तेवढ्यावर त्याचे भागत नाही. यजमानाच्या मुळाशी जोडला गेला नाही, तर तो जगूच शकत नाही. आपल्या शेजारी निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या शेतांत बंबाखू नावाची वनस्पती उगवते. तिच्यात तर हिरवेपणा नावालाही नसतो. ती सर्वस्वी परक्याच्या अन्नावरच जगते. अशा वनस्पतींना परोपजीवी वनस्पती म्हणतात."

मग ताईने टारफुल्याचे एक सुकलेले बोंड हलक्या हाताने पांढऱ्या कागदावर झटकले. तपकिरी धुळीसारखे काही कागदावर पडले.

"हे याचे बी," ती म्हणाली. "तीन-चार बिया ओळीने मांडल्या, तर एक मिलिमीटर लांबी भरेल. एका रोपाला असे हजारो दाणे येतात. काही जातींच्या रोपांना तर पन्नास हजारांहून अधिक. आबा, तुम्ही रोपे उपटून बांधावर टाकलीत, तेव्हा त्यांतील बी पिकले होते. वाऱ्याने, पावसाच्या पाण्याने आणि औतांना चिकटलेल्या मातीबरोबर ते शेतभर पसरले."

आबांनी मान हलवली. "म्हणजे ते पेरले मीच," ते हळूच म्हणाले.

"तुम्हांला ते ठाऊक नव्हते, आबा," ताई म्हणाली. "आता नीट ऐका. या बीची खरी गंमत पुढेच आहे."

मुलांनो, ताईने त्या ओढ्याकाठी बसून आम्हांला जे सांगितले, ते मी माझ्या शब्दांत तुमच्यापुढे मांडते.

ज्वारीचा दाणा मोठा असतो. त्यात कोवळ्या अंकुराला पुरेल इतकी शिदोरी भरलेली असते. म्हणून ओल आणि ऊब मिळाली की तो निर्धास्तपणे रुजतो. टारफुल्याच्या बीची शिदोरी मात्र अत्यंत तुटपुंजी असते. ते रुजले, तर त्याचा अंकुर जेमतेम काही दिवस जगतो आणि काही मिलिमीटरच वाढू शकतो. तेवढ्या अवधीत, तेवढ्या अंतरावर, यजमानाचे मूळ सापडले नाही, तर तो मरून जातो. तेव्हा वाटेल तेव्हा आणि वाटेल तेथे रुजणे त्याला परवडणारे नसते. म्हणून ते बी वाट पाहते. एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हे. दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ ते मातीत जिवंत राहू शकते. पावसाळ्यात उबदार, ओल्या मातीत आठवडा-दोन आठवडे भिजले, म्हणजे ते सिद्ध होते. पण तरीही रुजत नाही. मग ते कशाची वाट पाहते?

ते वाट पाहते एका हाकेची. ही हाक आवाजाची नसते, कारण बीला कान नसतात. ती असते रसायनाची. जिवंत मुळांतून निरनिराळी द्रव्ये सतत मातीत पाझरत असतात. त्यांतील काही द्रव्ये टारफुल्याच्या बीपर्यंत पोहोचली की ते जागे होते. बीच्या आत काही विशिष्ट प्रथिने असतात. कुलपात नेमकी किल्ली बसावी, तसे ते द्रव्य त्या प्रथिनात बसते आणि रुजण्याची क्रिया सुरू होते. ही द्रव्ये मातीत फार काळ टिकत नाहीत. थोड्याच वेळात त्यांचे विघटन होते. त्यामुळे ती मुळाच्या अगदी जवळपासच आढळतात. याचाच अर्थ असा की ज्या बीला ही हाक ऐकू आली, त्याच्या जवळच एक जिवंत मूळ आहे. केवढी ही निसर्गाची योजना!

हे द्रव्य प्रथम हाती कसे लागले, तेही ऐकण्याजोगे आहे. १९५६ साली अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलायना या राज्यांत मक्याच्या शेतांत टारफुल्याची एक जात आढळली. आशिया आणि आफ्रिका खंडांतील हे तण तेथे कधी दिसलेच नव्हते. तेथील सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोठी मोहीम उघडली आणि शास्त्रज्ञ त्याच्या बीचा अभ्यास करू लागले. १९६६ साली त्यांनी मुळांतून पाझरणारे ते जागे करणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. टारफुल्याचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा. त्यावरून या द्रव्याला स्ट्रायगॉल हे नाव मिळाले. त्याची शक्ती एवढी विलक्षण की एक ग्रॅम स्ट्रायगॉल कोट्यवधी लिटर पाण्यात विरघळवले, तरी त्या पाण्याने टारफुल्याचे बी रुजते. गावाच्या तलावात चिमूटभर पूड टाकावी आणि तलावाच्या कोणत्याही थेंबाने बीला जाग यावी, असा हा प्रकार!

परंतु या शोधाने एक कोडेच उभे केले. शास्त्रज्ञांनी ते द्रव्य काढले होते कापसाच्या मुळांतून. आणि टारफुला कापसावर मुळीच जगू शकत नाही! तो ज्वारी, मका, ऊस अशा तृणकुळातील पिकांवर वाढतो. मग कापसाने त्याला हाक का मारावी? आणि ज्वारी तरी आपल्या वैऱ्याला स्वतः होऊन का बोलावते?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. २००५ साली जपानमधील कोहकी अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मुळांची ही हाक मुळी वैऱ्यासाठी नसतेच. ती असते मित्रासाठी. जमिनीत काही उपकारक बुरशा राहतात. त्यांचे अतिसूक्ष्म तंतू वनस्पतींच्या मुळांत शिरून तेथे वस्ती करतात आणि मुळे जेथे पोहोचू शकत नाहीत, अशा मातीच्या कणाकणांतून फॉस्फरसचे क्षार गोळा करून आणून देतात. वनस्पती त्यांना त्याबद्दल आपल्या अन्नातील वाटा देते. पृथ्वीवरील बहुतेक वनस्पतींचे असे स्नेहसंबंध आहेत. मुळांतून पाझरणारे हे द्रव्य जवळ आले की बुरशीच्या तंतूंना भराभर फाटे फुटतात आणि ते मुळाकडे पोहोचतात. ज्वारीही ही हाक मारते आणि कापूसही मारतो. कारण दोघांनाही या मित्राची गरज असते. टारफुला ती हाक चोरून ऐकतो, इतकेच. पाहुण्याला वाट दिसावी म्हणून आपण दारात दिवा ठेवावा आणि त्याच उजेडात चोराने घर हेरावे, तसाच हा प्रकार.

मग झाडाने हा दिवा मालवूनच का टाकू नये? तसे करणे सोपे नाही. २००८ साली शास्त्रज्ञांना आढळून आले की याच जातीची द्रव्ये झाडाच्या अंगातही काम करीत असतात आणि कोठे फांदी फुटावी, कोठे फुटू नये, याचे नियमन करतात. म्हणजे ज्या द्रव्याने चोराला वाट दाखवली, तेच झाडाच्या मित्राला बोलावते आणि झाडाच्या अंगाला आकारही देते.

बी जागे झाले, तरी त्याची परीक्षा संपत नाही. त्याचा अंकुर मुळाजवळ पोहोचला की त्याला दुसरी खूण मिळावी लागते. यजमानाच्या मुळातील काही द्रव्यांमुळे त्या अंकुराचे टोक फुगते आणि तेथे शोषकमूळ तयार होते. अशा प्रकारचे एक द्रव्य १९८६ साली ज्वारीच्या मुळांतून ओळखले गेले. पहिली हाक सांगते, "ऊठ!" दुसरी सांगते, "येथे धर!" या दोन्ही गोष्टी जमल्या, तरच टारफुला जगतो.

येथवर ऐकल्यावर मामांनी विचारले, "हे सारे खरे, पण याचा आम्हांला उपयोग काय? हाक ज्वारीची, ऐकणारा टारफुला. मध्ये आपण काय करणार?"

"आपण खोटी हाक मारायची, बाबा," ताई हसून म्हणाली.

आम्ही सारे तिच्याकडे पाहू लागलो.

"कापसाचे कोडे आठवा. कापूस हाक मारतो; बी जागे होते; अंकुर बाहेर येतो; पण कापसाच्या मुळात त्याला शिरकाव मिळत नाही. शिदोरी संपते आणि तो मरून जातो. दहा-दहा वर्षे वाट पाहणारे बी असे फसवून संपवता येते. कापसाप्रमाणेच भुईमूग, चवळी, सोयाबीन, सूर्यफूल अशी पिकेही हे काम करतात. त्यांना सापळा पिके म्हणतात. अमेरिकेत तर एथिलीन नावाचा वायू जमिनीत सोडून टारफुल्याचे बी असेच अवेळी रुजवले आणि पुष्कळसे क्षेत्र त्यातून मुक्त केले. आपल्याला वायू सोडायला नको. आपल्या गडहिंग्लज भागात भुईमूग पिकतोच की!"

"आणि ऊस?" मामांनी विचारले.

"ऊस ज्वारीचाच भाऊबंद आहे, बाबा. दोघेही तृणकुळातले. या रानात ऊस लावला, तर टारफुल्याला एक यजमान जाऊन दुसरा मिळेल. तोही वर्षभर उभा राहणारा."

मामा विचारात पडले. आबांनी मात्र दुसराच प्रश्न केला. "बाळ, हे रान मी गेली काही वर्षे नीट खतावले नाही. त्याचाही याच्याशी काही संबंध असेल काय?"

"फार मोठा संबंध आहे, आबा," ताई म्हणाली. "जमिनीत फॉस्फरस कमी पडला, म्हणजे मुळे बुरशीला अधिक जोराने हाक मारतात, अधिक द्रव्य पाझरवतात. नत्र कमी पडले, तरी ज्वारीच्या मुळांत असेच घडते. म्हणून उपाशी जमिनीत टारफुला अधिक माजतो. ज्याचे पोट भरलेले आहे, तो मोठ्याने हाका मारीत नाही. जमिनीला शेणखत आणि योग्य ते खत मिळाले, तर हाक मंदावते."

मग तिने आम्हांला एका दूरच्या माणसाची गोष्ट सांगितली. आफ्रिकेतील इथिओपिया देशात एका खेड्यातील गवताने शाकारलेल्या एका खोलीच्या घरात गेबिसा एजेटा नावाचा मुलगा वाढला. शाळेसाठी तो दर आठवड्याला वीस किलोमीटर पायी जाई आणि आठवड्याच्या शेवटी तेवढेच अंतर तुडवून घरी येई. आफ्रिकेतील कोट्यवधी गरिबांचे अन्न ज्वारी आहे आणि तिचा मोठा शत्रू टारफुल्याचीच एक जात आहे. हा मुलगा पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि टारफुल्याला दाद न देणारे ज्वारीचे वाण त्याने निर्माण केले. २००९ साली त्याला जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला. अशा काही वाणांचे रहस्य २०१७ साली उलगडले. त्यांच्या एका जनुकात बदल झालेला असतो आणि त्यामुळे त्यांच्या मुळांतून त्याच कुळातील, पण थोडे निराळे द्रव्य पाझरते. त्याने टारफुल्याचे बी सहसा जागे होत नाही. त्या ज्वारीने हाक मारणे सोडले नाही. तिने केवळ हाकेतील शब्द बदलला!

त्या दिवशी दुपारी आम्ही सारी मुले शेतात उतरलो. ताईने आम्हांला नियम घालून दिले. फुले येण्यापूर्वीच रोप उपटावे. फुललेले किंवा बोंडे धरलेले रोप बांधावर टाकू नये, गुरांना घालू नये. कारण बी शेणातून पुन्हा शेतात येऊ शकते. सारी रोपे पोत्यात भरावीत आणि वाळवून जाळून टाकावीत. काम संपल्यावर खुरपी, कुदळी आणि पायांची माती त्याच शेतात झटकावी. संध्याकाळपर्यंत चार पोती भरली. आबा स्वतः बांधावर उभे राहून आमचे काम पाहत होते.

पुढील दोन वर्षे त्या रानात ज्वारी पेरली नाही आणि ऊसही लावला नाही. तेथे भुईमूग डोलू लागला. प्रत्येक उन्हाळ्यात मामांनी शेणखत पसरले. मातीच्या आत भुईमुगाची मुळे हाका मारीत होती आणि टारफुल्याचे बी जागे होऊन, आधार न मिळाल्यामुळे, मरत होते. वरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नव्हते. तिसऱ्या वर्षी आबांनी पुन्हा ज्वारी पेरली. त्या भाद्रपदात मी आजोळी गेले, तेव्हा सर्वांत आधी ओढ्याकाठच्या रानात धावले. टारफुला पार नाहीसा झाला होता काय? नाही. जेथे पूर्वी पोती भरली होती, तेथे सारे शेत फिरल्यावर माझी एक ओंजळ भरली. ताटे माझ्या डोक्याच्या वर गेली होती.

"आणखी काही वर्षे हे असेच चालवावे लागेल," आबा म्हणाले. "जो दहा वर्षे वाट पाहतो, त्याच्याशी दोन वर्षांत लढाई संपत नाही."

त्या वर्षीच्या ज्वारीची पहिली भाकरी आजीने नैवेद्याच्या पानात वाढली. गौरीपुढे मी तेरडा ठेवला. तेव्हा मला त्या पहिल्या परडीची आठवण झाली. ती फुले सुंदर होती, यात शंका नाही. पण ती कोणाच्या जीवावर फुलली आहेत, हे मुळांपर्यंत जाऊन पाहिल्याशिवाय मला कळले नव्हते. शेताला कोणाची दृष्ट लागली नव्हती. शेतात एक हाक दिली जात होती, आणि ती कोण ऐकत आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते, एवढेच.

स्वाध्याय

१. आबांनी फुले चुलीत का टाकली? त्यांनी ती अंगणात टाकली असती, तर काय झाले असते?

२. ज्वारीचे बी आणि टारफुल्याचे बी यांच्या रुजण्यात कोणता फरक आहे? त्याचे कारण काय?

३. "हाक मित्रासाठी असते, टारफुला ती चोरून ऐकतो." हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. मामांनी त्या शेतात ऊस लावला असता, तर काय घडले असते? भुईमुगाने वेगळे काय केले?

५. पुढील शब्दांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : शिदोरी, यजमान, तुटपुंजी, उघडीप, भाऊबंद.

६. आपल्या गावातील वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना भेटा. पिकांच्या मुळांवर किंवा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतींची स्थानिक नावे आणि त्यांविषयीची माहिती त्यांच्याकडून मिळवा आणि आपल्या वहीत लिहून काढा.